रामलिंगचे रान आणि आजींचे गुडघे



थंडीच्या सुरुवातीला शहात्तर वर्षांच्या एक आजी मुलाबरोबर दवाखान्यात आल्या होत्या. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून झाल्या, तरी मुलगा उठेना. शेवटी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आईला जरा समजावून सांगा. रामलिंगला जायचं म्हणून हट्ट धरून बसलीये. गुडघे असे, वर तिथं वाघ आलाय म्हणतात."

आजी शांतपणे म्हणाल्या, "अमेरिकेत लेकीकडं सहा महिने होते. रोज सकाळी रानात फिरत होते. इथं आल्यापासून ओट्याखाली उतरले नाही."

आजींची लेक शिकागोजवळ राहते. ते शहर ज्या कुक काउंटीत आहे, तेथे शहरालगतची वने विकत घेऊन लोकांसाठी राखणारी सार्वजनिक संस्था १९१४ पासून कार्यरत आहे. तिच्या ताब्यात सुमारे सत्तर हजार एकर जमीन आहे. तेथे म्हाताऱ्या माणसाने रानात जाणे ही कोणाला काळजीची गोष्ट वाटत नाही. आपल्याकडे तीच गोष्ट घरातील वादाचा विषय होते. आजींना समजावण्याऐवजी मी त्यांच्या मुलालाच समजावत बसलो. त्याला जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे थोडे विस्ताराने मांडतो.

आपला जिल्हा राज्यातील सर्वांत कमी वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. त्यात येडशीजवळ बालाघाटाच्या डोंगररांगेत रामलिंग घाट अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचे. पानगळीचे कोरडे रान. पावसाळ्यात हिरवेगार आणि फाल्गुनात पळसाच्या फुलांनी पेटलेले. जटायू येथेच पडला, अशी श्रद्धा असल्याने श्रावणात रामलिंगाच्या दर्शनाला मोठी गर्दी होते. आज सत्तरी ओलांडलेल्या अनेकांनी बार्शी लाइटच्या छोट्या गाडीतून येडशीपर्यंत केलेला प्रवास अजून त्यांच्या बोलण्यात येतो. त्यांना हे ठिकाण नव्याने दाखवायचे नसते, फक्त पुन्हा एकदा न्यायचे असते.

आता वाघाविषयी. डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यातील कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, ही गोष्ट खरी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर येथून शेकडो किलोमीटर चालत तो आला होता. (गुडघ्यांची तक्रार त्याची नसावी!) वनविभागाची सूचना त्या त्या वेळी जी असेल, ती पाळावी, मंदिराचा परिसर आणि वाहता रस्ता सोडून आत शिरू नये, पहाट आणि तिन्हीसांज टाळावी, एकट्याने जाऊ नये. एवढे केले की वाघाची भीती मनातून पुष्कळशी काढून टाकावी. वयस्कर माणसाला रानात खरा धोका असतो तो पायऱ्यांचा, कोरड्या घशाचा, चुकलेल्या जेवणाचा आणि माकडांचा.

पायऱ्यांपासून सुरुवात करू. मंदिर दरीत आहे, म्हणजे आधी उतरायचे आणि नंतर चढायचे. डोंगरावरच्या देवाला जाताना माणूस दमला तर अर्ध्यातून परत फिरतो. येथे दमल्यावरच चढण समोर येते. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो व पडण्याची भीती अधिक, चढताना हृदयाची परीक्षा. म्हणून खाली उतरण्यापूर्वीच ठरवावे की हे चढून येणे जमणार आहे का. घरचा एक मजला न थांबता, छातीत न दुखता चढता येत नसेल, तर वरूनच हात जोडावेत आणि झाडाखाली बसावे. देव रागावत नाही. चालताना शेजारच्याशी सहज बोलता येत असेल तर वेग योग्य. वाक्य तुटू लागले की थांबावे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. अनेकजण उलट धरतात आणि काठीचा उपयोग होत नाही म्हणतात. चप्पल नको, तळव्याला पकड असलेला बूट हवा. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असते, तेव्हा वृद्धांना तेथे नेण्याचा मोह आवरावा. कार्तिक ते माघ हे महिने उत्तम.

ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका आला आहे, ज्यांना थोड्या श्रमाने दम लागतो किंवा पायांवर नवी सूज आली आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवण्याची गोळी ज्यांना लिहून दिली आहे, त्यांनी ती घरच्या कपाटात न ठेवता खिशात ठेवावी, आणि घ्यावी ती बसूनच, कारण तिच्याने रक्तदाब उतरतो. दमा असलेल्यांनी इन्हेलर सोबत घ्यावा. थंडीतील सकाळची कोरडी हवा त्यांना बाधते.

पाण्याविषयी मात्र मला थोडे रागाने लिहावेसे वाटते. आमच्या आयाबहिणी बाहेर जायचे म्हटले की आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडतात. वाटेत लघवीची सोय नाही, हे त्यामागचे कारण. त्या बोलत नाहीत, आणि घरच्यांच्या ते ध्यानातही येत नाही. मग उन्हात चक्कर येते आणि दोष रक्तदाबाच्या गोळीला दिला जातो. शौचालय कोठे आहे, वापरण्याजोगे आहे का, हे घरातील तरुण माणसाने निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. लघवी होण्याची गोळी सुरू असेल तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे; मनाने बंद करू नये. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून दिले आहे, त्यांनी तेच माप पाळावे.

मधुमेह असलेल्यांनी दर्शन होईपर्यंत उपाशी राहण्याचा संकल्प करू नये. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन जेवण लांबले की घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटल्यावर काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

माकडांचा प्रश्न आपणच निर्माण केलेला आहे. पुण्य म्हणून आपण चणे-केळी देतो, आणि माकड शिकते की पिशवी म्हणजे खाणे. नंतर एखाद्या आजीच्या हातातील प्रसादाची पिशवी ते हिसकावते, आजी तोल जाऊन पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. त्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने अनुभवले आहे त्याला सांगावे लागत नाही. म्हणून पिशवी दिसू देऊ नये, खायला घालू नये, नजरेला नजर देऊ नये. चावा किंवा नुसता ओरखडा जरी झाला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. साप चावल्यास दोरीने आवळणे, चिरा देणे, रक्त चोखणे हे सारे वर्ज्य. बांगड्या-अंगठ्या काढाव्यात, अवयव हलू देऊ नये आणि थेट रुग्णालय गाठावे.

विसरभोळेपणाचा आजार असलेल्यांना नेणार असाल तर घरातील एका माणसाने फक्त त्यांचाच हात धरावा, फोटो काढण्याचे काम दुसऱ्याने करावे. त्यांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी.

एवढे सोपस्कार करून रानात कशाला जायचे, असे कोणी विचारील. रानाच्या हवेने आजार बरे होतात, असे मी म्हणणार नाही. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, हा शब्द रूढ केला. तेव्हापासून त्यावर पुष्कळ लिहिले गेले, त्यात अतिशयोक्तीही आहे. परंतु आठवड्याला दीडशे मिनिटे चालावे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे वृद्धांनाही लागू आहे, आणि ओट्यावर बसून ते होत नाही. रानातून आलेल्या माणसाला रात्री झोप चांगली लागते, असा माझा दवाखान्यातील अनुभव आहे. झोपेची गोळी मागायला येणाऱ्यांना मी आधी दुपारची झोप आणि दिवसभराचे चालणे यांविषयी विचारतो.

एक मागणीही नोंदवतो. वृद्धांसाठी रानभर सिमेंट ओतावे, असे मला मुळीच वाटत नाही. ते अभयारण्य आहे, बगीचा नव्हे. मात्र पायऱ्यांना भक्कम कठडा, टप्प्याटप्प्यावर टेकायला ओटा, स्वच्छ शौचालय आणि प्यायचे पाणी एवढे मंदिराच्या परिसरात असावे आणि टिकावे, यासाठी वनविभागाकडे व ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करावेत. अर्जावर ज्येष्ठांच्या सह्या असाव्यात. आणि आपल्या बाजूने, नेलेले प्लास्टिक परत आणावे, विडी-काडी पेटवू नये. उन्हाळ्यात या कोरड्या गवताला एक ठिणगी पुरते.

आजी त्यानंतर पंधरा दिवसांनी जाऊन आल्या. सकाळी दहाला पोहोचल्या, पायऱ्या उतरल्याच नाहीत, वरूनच नमस्कार केला आणि तासभर झाडाखाली बसल्या. मुलाने थर्मासमधून चहा नेला होता. पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा रक्तदाब होता तेवढाच होता. "आता पळस फुलला की पुन्हा," असे त्या मुलाकडे बघत म्हणाल्या, आणि त्याने माझ्याकडे बघितले.