पेट्रोलच्या टांकींतील उष्णता

वैशाखांत आमच्या भंडारा जिल्ह्यांत पारा कधीं कधीं ४५ अंशांपर्यंत चढतो. अशाच एका दुपारीं आमचा पुतण्या तुमसराहून मोटारसायकलीवर आला. टांकी कांठोकांठ भरलेली, आणि शेवटची वाट वैनगंगेकांठची, खडबडीत. ओसरीशीं येऊन, पेट्रोल किती उरलें हें पाहण्यासाठीं त्यानें झांकण उघडलें मात्र, फुस्सकन् वाफ सुटली व पेट्रोल उसळून तापल्या इंजिनावर सांडलें. चार पावलांवर देवघरांत समई तेवत होती! दैवानेंच अनर्थ टळला.

वाचकहो, यांत चमत्कार नाहीं. टांकीस वरून सूर्य तापवितो, खालून इंजिन. गाडी वेगांत असतां वारा ही उष्णता हरण करितो. बिकट वाटेनें सावकाश चालतांना इंजिन धगधगतें, पण वारा मिळत नाहीं. १० लिटर पेट्रोल २० अंशांनीं तापलें, तर त्यास सुमारें २०० मिलिलिटर जागा अधिक लागते. वाफ होते ती निराळीच. झांकणांतील सूक्ष्म वायुमार्ग धुळीनें बुजला, कीं ती कोंडते.

उन्हानें टांकी आपोआप पेटते, ही मात्र आवई होय. त्यास २०० अंशांहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. खरें भय ठिणगीचें व ज्योतीचें.

तेव्हां तरुणांनीं टांकी कारखानदारानें ठरविलेल्या खुणेपर्यंतच भरावी, वायुमार्ग स्वच्छ ठेवावा, आणि गाडी सांवलींत निवाल्यावरच, दिव्या-चुलीपासून दूर, झांकण उघडावें. दूध तापवितांना पातेलें कांठोकांठ भरूं नये, हें आमच्या घरच्या सुनांस कोणी शिकवावें लागत नाहीं; मुलग्यांस मात्र शिकवावें लागतें.