कोर्ट मार्शलची दारे उघडा

वाचकहो, फौज आपल्या समाजास परकी नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणून विचारतो : उद्या आपल्या घरच्या जवानावर कोर्ट मार्शलचा खटला चालला, तर हिंदमाता येथील चाळीतून निघालेल्या त्याच्या आईस तेथे बसावयास मिळेल काय?

कायदा म्हणतो, मिळेल. लष्करी नियमांत १९९३ साली घातलेला ८०-अ हा नियम कोर्ट मार्शल जनतेस खुले ठेवतो. पण त्यालाच शेपूट आहे : सार्वजनिक हितास्तव आवश्यक किंवा इष्ट वाटल्यास न्यायालय कोणासही बाहेर काढू शकते. ‘इष्ट’ हा शब्द मोठा घातक! लष्करी गुपिते गुप्त राहावीत, हे कोण नाकारतो? परंतु रजेवरून उशिरा परतलेल्या शिपायाच्या खटल्यात कसले आले आहे गुपित? आणि आईस छावणीच्या फाटकावरच अडविले, तर आतली उघडी खोली काय कामाची?

परक्या इंग्रजांनीसुद्धा १९४५ साली लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील कोर्ट मार्शल वृत्तपत्रांदेखत चालविले.

घटनेने कोर्ट मार्शल सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष अपिलातून वगळले. तरी अधिकारमर्यादा ओलांडल्यास रिटची वाट मोकळी आहे, हे बाबासाहेबांनी घटना समितीत स्पष्ट केले होते. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे अपिलही मिळाले; त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. पण मूळ सुनावणीच्या कागदात जे उतरलेच नाही, ते अपिलात कोण सांगणार?

तेव्हा फाटकावर सुनावणीची तारीख, वेळ व जागा सांगणारा फलक लावा, आणि दार बंद करावयाचे तर कारणे लेखी द्या, अशी मागणी आपण आपल्या खासदाराकडे केलीच पाहिजे.