‘उल्लंघन’ : एका पर्यायाची मर्यादा

मराठी समीक्षेत ‘संकेतांचे उल्लंघन’ हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की त्याकडे थबकून पाहिले जात नाही. त्यामागे बहुधा इंग्रजी समीक्षेतील ‘ट्रान्सग्रेस’ हे क्रियापद असते. अडचण अशी, की कायद्याच्या भाषेतील ‘कॉन्ट्राव्हीन’ या क्रियापदालाही आपण ‘उल्लंघन करणे’ हाच पर्याय योजतो. या दोहोंचा अर्थव्यापार एक नाही.

‘कॉन्ट्राव्हीन’चा लॅटिन मूलार्थ ‘विरुद्ध येणे’ असा आहे. त्यात मोडणे नाही, ओलांडणेही नाही. आहे तो केवळ विरोध. शिवाय त्याचा कर्ता माणूसच असावा लागत नाही; एखादे कलम, ठराव, किंबहुना कायदाही चालतो. संविधानाच्या अनुच्छेद १३ (२) अन्वये मूलभूत हक्क हिरावणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा तेवढ्या व्याप्तीपुरता शून्यवत ठरतो. तेथील इंग्रजी पाठात याच क्रियापदाचे नामरूप आहे, आणि दोष कायद्याचाच आहे.

‘उल्लंघना’त मात्र उडी आहे, पलीकडे जाणे आहे. मराठी मनाला त्यात पातकच दिसते असेही नाही. दसऱ्याचे सीमोल्लंघन शुभच मानले जाते. म्हणून ‘पलीकडे पाऊल टाकणे’ हा मूलार्थ असलेल्या ‘ट्रान्सग्रेस’ला तो शब्द शोभतो. (‘अतिक्रमण’ त्याहून जवळचा होता, पण तो नगरपालिकांनी केव्हाच ताब्यात घेतला.)

हा भेद केवळ कोशकारांपुरता नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. म्हणजे ‘कॉन्ट्राव्हीन’च्या अर्थाने काहीही घडले नव्हते. पण अभंग-ओवीच्या वळणात यंत्रयुगाचे आणि इंग्रजी शब्द आणून त्यांनी काव्यभाषेची जी वेस ओलांडली, तिच्याविषयी न्यायालयाला काही ठरवायचेच नव्हते. दोन्ही गोष्टींना ‘उल्लंघन’ म्हटले, की निर्दोष सुटलेला कवी प्रबंधात पुन्हा आरोपी होतो. आणि अभ्यासकही भाषेचे विश्लेषण सोडून त्याची वकिली करू लागतो. कोणता संकेत, तो कोणत्या परंपरेने घातला, हे प्रश्न मग मागेच राहतात.

‘उल्लंघन’ समीक्षेकडे राहू द्यावे. कायद्याच्या ठिकाणी ‘विरुद्ध जाणे’ हे साधे क्रियापद पुरेसे आहे. ‘हा ठराव उपविधींच्या विरुद्ध जातो’ असे सहकारी संस्थांच्या सभांत सभासद बोलतातच.