‘सोबत एका बायकोला प्रवेश’

अमेरिकेतल्या युटा राज्यातलं सॉल्ट लेक सिटी हे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं मुख्य ठाणं. छळाला कंटाळून ही मंडळी १८४७ मध्ये तिथं येऊन वसली. दारू नाही, तंबाखू नाही, इतकंच काय, चहा-कॉफीसुद्धा वर्ज्य! (आपल्यापैकी कितीतरी जणींचं नुसतं ऐकूनच डोकं दुखायला लागेल.) अशा गावात दौऱ्यावर आलेल्या विनोदी कलाकारानं लोकांना हसवायचं तरी कशावर? पाहुण्यांनी याचं सोपं उत्तर फार पूर्वीच शोधलं. बायकांवर! कारण या पंथातले पुरुष एकेकाळी अनेक लग्नं करत.

आर्टेमस वॉर्ड हा त्या काळचा गाजलेला विनोदकार. खरं नाव चार्ल्स फरार ब्राऊन. खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंकन त्याचे लेख मंत्र्यांना वाचून दाखवत. तर या वॉर्डनं ते गाव न बघताच मॉर्मनांची भरपूर टिंगल लिहून ठेवली होती. १८६४ मध्ये दौरा करत तो तिथं पोचला आणि नेमका तापानं अंथरुणाला खिळला. आता ही माणसं सूड उगवणार, या धास्तीनं बिचारा अर्धमेला झाला. पण त्यांनी त्याची शुश्रूषाच केली. वर त्यांच्या भल्यामोठ्या नाट्यगृहात त्याचा कार्यक्रमही होऊ दिला.

बरा होऊन परतल्यावर यानं काय केलं? ‘मॉर्मन लोकांत’ नावाचा कार्यक्रम बसवला आणि न्यूयॉर्क, लंडन गाजवलं. तिकिटावर छापलं होतं, ‘हे आणणाऱ्यास व सोबत एका बायकोला प्रवेश.’ एका मॉर्मन गृहस्थाला मी सहकुटुंब फुकट पास दिला आणि अख्खं सभागृह भरलं, गल्ला मात्र रिकामा, असा त्याचा एक विनोद. १८६७ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला. विनोद मात्र राहिला. पंथानं १८९० मध्ये ही प्रथा बंद करत असल्याचं जाहीर केलं. आज असं लग्न करणाऱ्याला पंथातून काढून टाकतात, तरीही!

आता गंमत बघा. वॉर्डच्या या विनोदांत एकही शिवी नाही. त्याच युटातल्या प्रोव्हो गावात ‘ड्राय बार कॉमेडी’ नावाचा कार्यक्रम निघाला. दारू नाही, शिवी नाही, अश्लील काही नाही, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असा. कल्पना मला आवडते. पण शिवी गाळली की विनोद स्वच्छ झाला, हे मला पटत नाही बाई. आपल्याकडे गणपतीतल्या कार्यक्रमात ‘बायको माहेरी गेली’ म्हणताच मांडव हसतो. त्यातही शिवी नसतेच की! त्या बहुपत्नीत्वावर बोलू नये असं माझं म्हणणं नाही, जरूर बोलावं. पण वॉर्डच्या विनोदात बायका म्हणजे नुसता आकडा. ती कोण, काय करते, तिला काय वाटतं, कुणी विचारलंच नाही.

विचारलं असतं तर किती मजेशीर गोष्टी हाती लागल्या असत्या! युटातल्या बायकांना मतदानाचा हक्क १८७० मध्येच मिळाला होता. बहुपत्नीत्वाविरुद्ध कायदा करताना अमेरिकी संसदेनं १८८७ मध्ये तो काढून घेतला. म्हणजे लग्नं केली नवऱ्यांनी आणि मत गेलं बायकांचं. १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा कुठे तो परत आला.

आणि त्याच वर्षी तिथल्या सिनेटच्या निवडणुकीला मार्था ह्यूज कॅनन उभ्या राहिल्या. पेशानं डॉक्टर आणि अँगस कॅनन यांच्या अनेक बायकांपैकी एक. समोरच्या पक्षाच्या उमेदवारांत कोण? खुद्द अँगसराव! निकाल लागला, बाई निवडून आल्या, नवरा पडला. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटवर गेलेली ही पहिली स्त्री. सार्वजनिक आरोग्यासाठी त्यांनी तिथं बरंच काम केलं. २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनात त्यांचा पुतळाही बसला.

त्या रात्री त्या घरात जेवणाच्या टेबलावर काय बोलणं झालं असेल, यावर कुणी पाहुण्या कलाकारानं सॉल्ट लेक सिटीत अर्धा तास रंगवावा. मी पदरचे पैसे घालून तिकीट काढीन, आणि नवऱ्यालाही सोबत नेईन. एकालाच हं!