पत्रिकेत नाव कुणाचं आधी? बारामती-इंदापूरच्या स्टेजवरचा प्रोटोकॉल ठरतो तरी कसा

२ मार्च २०२४. बारामतीत राज्य सरकारचा नमो महारोजगार मेळावा होता, ठिकाण विद्या प्रतिष्ठानचं मैदान. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार असे तिघेही येणार होते. पण मेळाव्याआधीच चर्चा रंगली ती निमंत्रण पत्रिकेची.

कारण पहिल्या पत्रिकेत शरद पवारांचं नावच नव्हतं. ते तेव्हा राज्यसभेचे खासदार होते, शिवाय ज्या संस्थेच्या मैदानात कार्यक्रम, त्या संस्थेचे अध्यक्षही. पवारांनी तिघांनाही गोविंदबागेत जेवायचं आमंत्रण धाडलं, त्याच्या बातम्या झाल्या. पुढे पत्रिकेत नाव आलं आणि पवार स्टेजवरही दिसले.

लोकांनी याकडे काका-पुतण्याचं राजकारण म्हणून पाहिलं, आणि ते होतंही. पण यात एक साधा प्रश्न मागे पडला. सरकारी कार्यक्रमात कुणाला बोलवायचं, कुणाचं नाव वर छापायचं, कुणाला मधल्या खुर्चीवर बसवायचं, हे नेमकं कोण ठरवतं?

२६ पायऱ्यांची यादी

याचं मूळ आहे राष्ट्रपती सचिवालयाच्या एका अधिसूचनेत. तारीख २६ जुलै १९७९. यात देशातल्या पदांचा मानाचा क्रम दिलाय. तेव्हापासून त्यात बदल होत गेले, पण सांगाडा तोच आहे.

पहिल्या क्रमांकावर राष्ट्रपती, दुसऱ्यावर उपराष्ट्रपती, तिसऱ्यावर पंतप्रधान. चौथ्यावर आपापल्या राज्यात असलेले राज्यपाल. सहाव्यावर देशाचे सरन्यायाधीश आणि लोकसभेचे अध्यक्ष. सातव्यावर केंद्रीय कॅबिनेट मंत्री आणि आपापल्या राज्यात असलेले मुख्यमंत्री.

इथे ‘आपापल्या राज्यात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मुंबईत किंवा बारामतीत असतील तर सातवे. तेच राज्याबाहेर गेले की आठवे. म्हणजे मान नुसत्या पदाला नाही, पद आणि जागा या दोन्हींना आहे.

आता बारामतीचा तो स्टेज या यादीने मांडून बघा. मुख्यमंत्री सातव्या क्रमांकावर, दोन्ही उपमुख्यमंत्री दहाव्या. मग दोघांत आधी कोण? नियम सांगतो, एकाच क्रमांकावर दोघे असतील तर जो त्या क्रमांकावर आधी आला तो पुढे. फडणवीस ३० जून २०२२ पासून उपमुख्यमंत्री होते, अजित पवार २ जुलै २०२३ पासून. त्यामुळे फडणवीस आधी.

आणि खासदार? ते थेट २१ व्या क्रमांकावर. लोकसभेचे असोत की राज्यसभेचे, क्रमांक एकच. चार वेळा मुख्यमंत्री होतो, संरक्षण आणि कृषी खातं सांभाळलं, याचा यादीत काही उपयोग नाही. माजी राष्ट्रपती आणि माजी पंतप्रधानांना यात जागा आहे, माजी मुख्यमंत्र्यांना नाही. म्हणून ज्यांच्या नावाने बारामती ओळखली जाते, ते शरद पवार या यादीत फक्त ‘खासदार’ होते.

जून २०२४ मध्ये तर वेगळीच गंमत झाली. लोकसभेला सुप्रिया सुळेंनी सुनेत्रा पवारांना हरवलं. त्यानंतर काही दिवसांतच सुनेत्रा पवार राज्यसभेवर गेल्या. यादीच्या हिशेबाने जिंकलेली नणंद आणि हरलेली भावजय एकाच पायरीवर आल्या.

इंदापूरचं उदाहरण

शेजारच्या इंदापुरात ही यादी आणखी चांगली कळते. आमदार दत्तात्रय भरणे २०१९ च्या अखेरीस राज्यमंत्री झाले. राज्यमंत्र्याचा क्रमांक स्वतःच्या राज्यात १८ वा. जून २०२२ मध्ये सरकार गेलं आणि ते पुन्हा नुसते आमदार राहिले. आमदार तर या राष्ट्रीय यादीत कुठेच नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये ते कॅबिनेट मंत्री झाले आणि थेट १५ व्या क्रमांकावर गेले. माणूस तोच, तालुका तोच, पाच वर्षांत खुर्ची तीन वेळा सरकली.

त्यांचे प्रतिस्पर्धी हर्षवर्धन पाटील अनेक वर्षं मंत्री होते. पण माजी मंत्री म्हणून यादीत त्यांना जागा नाही. साखर कारखान्याचे चेअरमन, बाजार समितीचे सभापती, सरपंच यांनाही नाही. गावात ज्याच्याशिवाय नारळ फुटत नाही, तो माणूस दिल्लीच्या कागदावर शून्य असू शकतो. स्टेजवरचे निम्मे रुसवेफुगवे इथूनच सुरू होतात.

मग पत्रिकेत नाव हवंच का?

१९७९ ची यादी बसण्याचा क्रम सांगते. कुणाला बोलवायचंच हे ती सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या सूचना आहेत.

केंद्राच्या कार्मिक विभागाने १ डिसेंबर २०११ रोजी काढलेल्या सूचनेनुसार, सरकारी कार्यालयाच्या जाहीर कार्यक्रमाला त्या भागाच्या खासदाराला बोलवलंच पाहिजे. येणार असल्याचं कळवलं असेल तर पत्रिकेत नाव हवं. स्टेजवर त्यांची जागा केंद्राच्या सचिवांच्याही वर हवी. महाराष्ट्र सरकारनेही २० नोव्हेंबर २०२५ च्या शासन निर्णयात लोकप्रतिनिधींना निमंत्रण, पत्रिकेतली नावं आणि बैठक व्यवस्था याबद्दल अधिकाऱ्यांना पुन्हा बजावलं.

यात पक्ष कुठेच येत नाही, आणि खरा मुद्दा तोच आहे. रस्ता, बसस्थानक, दवाखाना लोकांच्या पैशातून होतो. उद्घाटनाला विरोधी पक्षाच्या खासदाराला वगळलं, तर ते काम सरकारचं न राहता एका पक्षाचं दिसतं. ज्या मतदारांनी त्या खासदाराला निवडून दिलं, त्यांनाही त्या कार्यक्रमातून वगळल्यासारखं होतं.

मान मोठा, अधिकार किती?

यादीची पहिलीच टीप सांगते की हा क्रम फक्त समारंभांसाठी आहे. सरकारच्या रोजच्या कामकाजाशी त्याचा संबंध नाही.

म्हणजे खासदार २१ वा, राज्याचे मुख्य सचिव २३ वे. जिल्हाधिकारी तर यादीतच नाहीत, कारण ती २६ व्या क्रमांकावर, केंद्रातल्या सहसचिवांपाशी संपते. पण जिल्ह्यातल्या फाइलवर सही जिल्हाधिकाऱ्यांचीच लागते.

याचा अनुभव जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत आला. शरद पवार आणि सुप्रिया सुळे बैठकीला होते. खासदार इथे निमंत्रित असतात, त्यांना मताचा अधिकार नाही, असं पालकमंत्री अजित पवारांनी सांगितल्याचं सुळेंनी नंतर माध्यमांसमोर म्हटलं आणि वाद पेटला. समारंभात मानाची खुर्ची मिळते, पण निधी वाटपाच्या टेबलावर तिचा उपयोग होत नाही, हे त्या दिवशी दिसलं.

उलट बाजूही आहे. १८ मे २०२५ ला सरन्यायाधीश झाल्यावर भूषण गवई पहिल्यांदा मुंबईत आले. मुख्य सचिव, पोलीस महासंचालक आणि मुंबईचे पोलीस आयुक्त सत्काराला हजर नव्हते. गवईंनी भाषणात नाराजी बोलून दाखवली. दोनच दिवसांत सरकारने सरन्यायाधीशांना कायमस्वरूपी राज्य अतिथीचा दर्जा दिला. आपण मानासाठी बोलत नाही, संस्थांनी एकमेकांचा आदर राखावा यासाठी बोलतोय, असा त्यांचा सूर होता.

थोडक्यात काय, तर प्रोटोकॉल म्हणजे फक्त हारतुऱ्यांचा हट्ट नाही आणि सत्तेची किल्लीही नाही. तो सत्तेत बसलेल्यांना आठवण करून देतो की स्टेज त्यांच्या घरचा नाही. पुढच्या वेळी बारामती-इंदापूरच्या एखाद्या उद्घाटनाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली, तर सगळ्यात वर कोण आहे हे बघाच. पण त्या भागाने निवडून दिलेलं कुठलं नाव गायब आहे, ते आधी शोधा.