तांबेऱ्याची नोंदवही

जुन्या जालन्यात गव्हाचा भाव विचारणाऱ्या कारकुनाला महाबळेश्वरच्या गहू तांबेरा संशोधन केंद्राशी आपला काही संबंध असेल, असे वाटणार नाही. वस्तुतः तो संबंध निकटचा आहे. तांबेऱ्याची बुरशी मैदानातील उन्हाळ्यात तग धरत नाही. ती डोंगराळ थंडाव्यात टिकते आणि वाऱ्याबरोबर पुन्हा मैदानात उतरते, हे डॉ. के. सी. मेहता यांनी दाखवून दिले. १९४६-४७ च्या साथीत मध्य भारतातील गहू बुडाला. पुढे १९७५ साली वादळाचे स्थान, वारा आणि पाऊस यांवरून दक्षिणेतील डोंगरांकडून येणाऱ्या काळ्या तांबेऱ्याचे भाकीत करण्याचे नियम मांडले गेले.

परंतु भाकितापूर्वी नोंद हवी. कोणती बुरशी कोठे, केव्हा आढळली, हे ठाऊक नसेल तर ती कोठे पसरेल हे कोण सांगणार? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर बुरशीसंग्रह हे अशा नोंदींचेच भांडार होय.

टळलेल्या साथीचा लाभ कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. त्यामुळे अशा कामाच्या खर्चाला कात्री लावण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नोंदीचा खर्च तिजोरीतून होतो. साथीचा खर्च मात्र शेतकरी पिकातून आणि पगारदार ताटातून भरतो.