कडी आतून लावलेली होती

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. वय 82. गेल्या पावसाळ्यात पहाटे न्हाणीघरात त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाताला लागला तो तांब्या त्या फरशीवर आपटत राहिल्या, म्हणून खालच्या बिऱ्हाडाला जाग आली. 108 ला फोन केला. रुग्णवाहिका लवकर नाक्यावर आली. पण नाक्यापासून आजींपर्यंत पोचायला आणखी वीस मिनिटं गेली आणि ती सगळी आम्ही रहिवाशांनी घालवली.

फोनवर पत्ता दिला होता ‘मारुतीच्या देवळाजवळ’. आमच्या भागात मारुतीची देवळं तीन. फाटकात कुणाची तरी चारचाकी आडवी, मालक गाढ झोपलेला. जिन्यात सायकल, चपलांचं कपाट, कुंड्या आणि कुणालाच नको असलेली एक मोडकी खुर्ची. हे सगळं ओलांडून वर जावं तर दाराला आतून कडी. मग 101 फिरवला. अग्निशमन दलाचे जवान शिडीवरून गॅलरीतून आत शिरले.

स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना, तेव्हा जवानांनी, गाडीतल्या डॉक्टरांनी आणि पायलटनं (108 च्या चालकाला पायलटच म्हणतात) मिळून आजींना चादरीत घेऊन पायरी पायरी खाली उतरवलं. आजींचा मात्र एकच धोशा, ‘‘अरे, गॅस बंद केलाय का बघा रे.’’ एक जवान परत तिसरा मजला चढला, रेग्युलेटर बंद करून आला, ‘‘बंद केला हो आजी’’ म्हणाला आणि दाराची किल्ली शेजारच्या काकूंच्या हातात देऊन निघून गेला. त्याचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही.

दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं आणि सलामांचा पाऊस पडला. चपलांचं कपाट तिथंच होतं. म्हणून हे लिहितोय.

आधी अग्निशमन दलाविषयी. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि शेकडो टन स्फोटकं. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जण स्फोटांत गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात जवळच्या केंद्रात मुलांना घेऊन जरूर जा, एखादं आभाराचं पत्र द्या. पण या माणसांचं रोजचं काम आगीपुरतं नाही. आतून बंद झालेलं दार उघडणं, मांज्यात अडकलेली घार सोडवणं, हेही तेच करतात. त्यांच्या वाटेत अडगळ ठेवून वर आभार मानणं मला तरी पटत नाही.

आता घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडे वळू. त्यांची माया आपल्याला असतेच, पण ती बहुतेक वेळा वाढदिवसाच्या केकपुरती. एका रविवारी त्यांच्याकडे तासभर बसा. एका कागदावर ठळक अक्षरांत त्यांचं नाव, रोजच्या गोळ्या, कशाची अॅलर्जी, नेहमीचे डॉक्टर, दोन जवळचे फोन आणि पूर्ण पत्ता, खुणेसकट, लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आतली कडी काढून बाहेरूनही किल्लीनं उघडेल असं कुलूप बसवा आणि एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवा. हे सांगताना उपदेशाचा सूर लावू नका. आमच्या आजी कडीवरून पंधरा दिवस रुसल्या होत्या.

खरी अडचण वेगळीच असते. ‘कशाला उगीच लोकांना त्रास’ म्हणून ही माणसं फोनच करत नाहीत. छातीत कळ आली तरी सकाळ व्हायची वाट बघतात. पैसे किती पडतील, ही धास्ती वेगळी. त्यांना नीट सांगा, 108 ची सेवा मोफत आहे. महाराष्ट्रात ती 2014 पासून चालू आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. पोलिसांसाठी 112. जीवघेणं काही नाही, पण पेन्शन अडली, घरात कुणी छळतं, किंवा नुसतं बोलायला माणूस हवंय, तर ज्येष्ठांसाठी 14567 आहे, सकाळी 8 ते रात्री 8. हे आकडे तोंडी सांगून भागत नाही. फोनमध्ये साठवून द्या आणि त्यांच्याच हातानं ते शोधायला लावा.

आमच्या आजी आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत येतात. जिना मोकळा झालाय. खुर्ची भंगारवाल्यानं वीस रुपयांना नेली.

आज संध्याकाळी घरी परताल तेव्हा फाटकापासून तुमच्या शेवटच्या मजल्यापर्यंत एकदा सावकाश चढून जा. चौघांना एक माणूस उचलून खाली आणता येईल का, तेवढं बघा. येणार नसेल तर आजच अडगळ हलवा.